हातातल्या झाडाचं कुल शोधताना: उत्क्रांतीच्या क्रमानं वनस्पतींचं वर्गीकरण

झाड ओळखायचं म्हटलं की आपण आधी पान बघतो, आणि तिथेच फसतो. पानाचा आकार ऊन, वारा आणि पाणी ठरवतात. सारख्या परिस्थितीत राहणाऱ्या, एकमेकांशी काडीचंही नातं नसलेल्या वनस्पती सारख्या दिसू लागतात. मराठीनं फड्या निवडुंग आणि तिधारी निवडुंग या दोघांना एकच आडनाव दिलं ते याच दिसण्यावरून. तिधारीला ओरखडा काढा, दुधासारखा पांढरा चीक वाहू लागेल. (तो डोळ्यांत जाऊ देऊ नका, भयंकर आग होते.) फड्याला असा चीक नाही. तिधारीचे सोयरे एरंडाच्या कुलात आहेत, फड्याचे कॅक्टसच्या. दोघांनी कोरड्या जमिनीवर स्वतंत्रपणे एकच युक्ती शोधली: पानं टाकायची, खोडात पाणी साठवायचं आणि काटे वाढवायचे.

मग नातं कशावरून ओळखायचं? माझी पद्धत सोपी आहे. वनस्पतींच्या इतिहासात मोठे शोध ज्या क्रमानं लागले, त्याच क्रमानं हातातल्या नमुन्याला प्रश्न विचारत जायचं: तुझ्याकडे हे आहे का? नसेल तर तू इथेच थांबलास. असेल तर पुढे चल. असं केलं की उत्क्रांती आणि वर्गीकरण वेगवेगळं पाठ करावं लागत नाही.

सामान फारसं लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, दाढीचं नवं ब्लेड, टाचणी, पांढरा कागद, थोडी लाल शाई आणि वही. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि फूल भिंगाकडे आणायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि मग काही दिसत नाही म्हणून भिंगाला दोष देतात.

पायरी पहिली: ही वनस्पतीच आहे ना?

भूछत्र जमिनीतून उगवतं, पण ती बुरशी. दगडफूल खडकावर वाढतं, पण ते एक जीव नव्हेच, बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. समुद्रातलं चामड्यासारखं तपकिरी शैवाल वनस्पतीसारखं दिसतं, पण ते फारच लांबच्या फांदीवर बसलेलं आहे. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली पाच सृष्टींची मांडणी केली, तेव्हा बुरशीला स्वतंत्र सृष्टी मिळाली. त्याआधी ती कितीतरी वर्षं वनस्पतीशास्त्राच्याच पुस्तकात राहत होती.

हिरव्या घराण्याची खूण पेशीत असते. अ आणि ब ही दोन्ही हरितद्रव्यं, हरितलवकातच साठवलेला स्टार्च आणि सेल्युलोजची पेशीभित्तिका. हे हरितलवक मुळात बाहेरचं. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीनं सायनोबॅक्टेरिया (उन्हावर स्वतःचं अन्न बनवणारा जीवाणू) गिळला, तो पचला नाही आणि आतच राहून साखर बनवू लागला. आज प्रत्येक हिरव्या पानात त्याचेच वंशज काम करत आहेत.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. हिरवं नाही एवढ्यावरून कोणाला बाद करू नका. तसला एक पिवळा नमुना शेवटी येणार आहे.

पायरी दुसरी: आईच्या अंगावर वाढणारा गर्भ आहे का?

इथे ‘पाण्यात राहतं की जमिनीवर?’ असं विचारण्याचा मोह होतो. तो टाळा. डबक्यावर तरंगणारं टिकलीएवढं डकवीड ही चक्क सपुष्प वनस्पती आहे. तिचे पूर्वज जमिनीवर येऊन, फुलं कमावून, परत पाण्यात गेले. अळूच्या कुलातली ती.

खरा फरक असा. शैवालात फलन झालेली पेशी आईपासून सुटते आणि स्वतःचं नशीब स्वतः बघते. जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींत, अगदी मॉसमध्येसुद्धा, ती आईच्याच ऊतींत राहते आणि तिच्याकडून पोसली जाते. व्यवहारात एवढं तपासलं तरी भागतं: बुळबुळीत हिरवे धागे किंवा पापुद्रे, मूळ-खोड-पान असा भेद नाही, बोटांत घेतल्यावर आकार राहत नाही, तर ते शैवाल.

शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं स्पायरोगायरा आठवतं? सर्पिल हिरव्या पट्ट्याचं? जमिनीवरच्या वनस्पतींचा सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण, याची चौकशी डीएनएच्या आधारे झाली तेव्हा बोट त्याच्याच गटाकडे गेलं. त्याआधी मान कारा या शैवालाला मिळायचा, कारण त्याच्या दांडीवर फांद्यांची वलयं असतात आणि ते बरंच ‘झाडासारखं’ दिसतं. दिसण्यानं इथेही तज्ज्ञांना चकवलं.

जमिनीवर आलेल्या वनस्पतींच्या बीजाणूंचे, म्हणजे ज्यातून नवं रोप उगवतं त्या धुळीएवढ्या कणांचे, सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांचं मुख्य संकट सुकून जाण्याचं होतं. बीजाणूभोवती चिवट कवच, अंगावर मेणाचा थर आणि पुढे हवा आत-बाहेर करणारी रंध्रं हे सगळं त्या एका भीतीतून आलेलं आहे.

पायरी तिसरी: नळ आहेत का?

लहान फांदी ब्लेडनं तिरकी कापून लाल शाईच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा. नंतर वर बोटभर अंतरावर आडवा काप घ्या. लाल ठिपके दिसले तर पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आहेत. लिग्निननं (लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्यानं) मजबूत झालेल्या या नळ्या दोन कामं करतात, पाणी चढवतात आणि अंग उभं धरतात. त्या नसतील तर वनस्पती बोटभराच्या पुढे सहसा जात नाही. मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट हे ते बुटके. तिन्ही मिळून सुमारे वीस हजार जाती भरतात.

पण त्यांच्याकडे पाहायचं ते उंचीसाठी नव्हे. ओल्या भिंतीवरचा मॉस टाचणीनं उचला आणि भिंगाखाली धरा. हिरव्या रोपट्याच्या डोक्यावर केसाएवढा दांडा आणि त्याच्या टोकाला इवलीशी डबी दिसेल. डबीवर कधी पातळ टोपीही असते, ती टाचणीनं अलगद निघते. ही डबी म्हणजे फळ नव्हे. ती त्या हिरव्या रोपट्याची पुढची पिढी आहे, आईच्या डोक्यावर उभी राहून तिच्याकडूनच पोसली जाणारी. खालच्या हिरव्या भागाच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो, दांडा आणि डबीत दोन. डबीत बीजाणू तयार होतात, त्यात पुन्हा एकच संच उरतो, आणि त्यांतून नवं हिरवं रोप उगवतं. एकसंची पिढी, मग द्विसंची, मग पुन्हा एकसंची.

सगळा इतिहास या एका दोऱ्यात ओवता येतो, म्हणून इथे थोडं थांबा. मॉसमध्ये एकसंची पिढी मोठी आणि द्विसंची तिच्या जिवावर. नेच्यात (फर्नमध्ये) हे उलटं. आपण जे नेचं बघतो ती द्विसंची पिढी, आणि एकसंची पिढी म्हणजे ओल्या मातीवरची हृदयाच्या आकाराची नखाएवढी हिरवी चकती. सपुष्प वनस्पतीत ती चकतीही उरत नाही. नर बाजूला परागकण, म्हणजे दोन-तीन पेशी, आणि मादी बाजूला बीजांडात लपलेल्या, बहुधा सात पेशी. एवढं मोठं वडाचं झाड, पण त्याची एकसंची पिढी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मॉस, नेचे आणि सूचीपर्णी वृक्ष या सगळ्यांतून जाणारं हे सूत्र विल्हेल्म होफमाइस्टर यांनी १८५१ साली मांडलं. संगीताची पुस्तकं काढणाऱ्या घरातला हा माणूस स्वतःच्या अभ्यासावर वनस्पतीशास्त्रज्ञ झाला होता, आणि डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा अजून आठ वर्षं होती.

ही एकसंची पिढी आक्रसत का गेली? कारण तिलाच पाणी लागत होतं. मॉस आणि नेचे यांच्या नरपेशी शेपट्या हलवत पोहतात. पाण्याचा थेंब नसेल तर लग्न मोडतं.

पायरी चौथी: बीजाणू की बी?

नळ सापडले, आता पानाची मागची बाजू बघा. तपकिरी ठिपके किंवा कडेनं धावणारी रेघ असेल तर नेचे असण्याची दाट शक्यता. खात्री करायची असेल तर असं पान पांढऱ्या कागदावर ठिपके खाली करून ठेवा, वर वजन म्हणून एखादं पुस्तक. सकाळी कागदावर पानाचा नकाशा तपकिरी पुडीत उमटलेला असतो. एकेक कण म्हणजे एकेक बीजाणू. ठिपके आहेत पण पूड पडत नाही आणि ते वेडेवाकडे विखुरलेत, तर ते खवले किडे असू शकतात. माझ्या वहीत अशा किड्यांचं एक चित्र ‘नेचे’ म्हणून अजून आहे. दुसरी खूण कोवळ्या पानाची, ते घड्याळाच्या कमानीसारखं गुंडाळलेलं असतं.

पान चिमुकलं, एकाच शिरेचं आणि बीजाणूंच्या पिशव्या पानांच्या बगलेत, तर लायकोपोडियम किंवा सिलॅजिनेला. यांचे नातेवाईक दगडी कोळशाच्या काळात तीस मीटरपेक्षा उंच वाढत. आज उरलेले बुटाखाली येतात.

सुरुवातीची नळीवाली रोपं कशी होती हे पाहायचं तर स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या खडकाकडे जावं लागतं. सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वी तिथल्या गरम झऱ्यांच्या सिलिकानं एक दलदल जशीच्या तशी गोठवली. त्या खडकाचा पातळ काप काढला की पेशी मोजता येतात. बहुतेकांना पानं नाहीत, खरी मुळं नाहीत, फक्त दुभंगत जाणाऱ्या दांड्या आणि टोकाला पिशव्या.

बी अचानक आली नाही. आर्किऑप्टेरिस नावाचं झाड होतं. त्याचं लाकूड सूचीपर्णी वृक्षासारखं, पानं नेच्यासारखी. लाकडाचे आणि पानांचे जीवाश्म वेगवेगळे सापडल्यामुळे शास्त्रज्ञांनी त्यांना दोन वनस्पती समजून दोन नावं दिली होती. १९६० साली चार्ल्स बेक यांनी दोन्ही एकाच तुकड्यात जोडलेली दाखवली. म्हणजे लाकूड आधी आलं, बी नंतर, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी.

पायरी पाचवी: बी उघडी की झाकलेली?

पाइनचा पिकलेला शंकू उघडा. प्रत्येक खवल्याच्या वरच्या बाजूला बिया नुसत्या ठेवलेल्या असतात, भोवती फळाची भिंत नाही. हे अनावृत्तबीजी. आज त्यांच्या जेमतेम हजारभर जाती उरल्या आहेत. सूचीपर्णी, सायकस, गिंको आणि निटमची मंडळी. गिंकोची तर एकच जात शिल्लक आहे. १८९६ साली जपानमध्ये गिंको आणि सायकस यांच्या नरपेशी पोहताना दिसल्या. पराग वाऱ्यावरून येतो, पण शेवटचं अंतर नरपेशी पोहूनच कापते. जुनी सवय सुटली नव्हती.

या पायरीवर दोन झाडं हटकून फसवतात. सायकस ताडमाडांच्या जातीचं वाटतं, पण त्याला फूल कधीच येत नाही, आणि त्याच्या कोवळ्या पर्णिका नेच्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. दुसरं सुरू. हिरव्या सुया, लाकडी ‘शंकू’, मग सूचीपर्णीच असणार ना? एक सुई ओढून बघा, ती सांध्यावर सुटते. ती सुई नव्हेच, ती बारीक फांदी आहे, आणि प्रत्येक सांध्यावर भिंगातून दातांसारखी दिसतात ती पानं. त्या ‘शंकू’तही प्रत्येक बी स्वतःच्या फळात बंद असते. सुरू ही सपुष्प वनस्पती.

पायरी सहावी: फूल आहे, पण कोणत्या फांदीवरचं?

फुलांचे खात्रीचे जीवाश्म सुमारे १३ कोटी वर्षांच्या अलीकडचे, आणि त्यानंतर ती झपाट्यानं पसरली. डार्विननं १८७९ साली वनस्पतीशास्त्रज्ञ हूकर यांना लिहिलेल्या पत्रात या प्रकाराला तिटकारा यावा असं गूढ म्हटलं होतं. आज सपुष्प वनस्पतींच्या सुमारे तीन लाख जाती आहेत.

शाळेतली चाचणी अजूनही कामाची आहे. समांतर शिरा, तंतुमुळं, तीन किंवा सहाच्या पटीत फुलाचे भाग असतील तर एकबीजपत्री. जाळीदार शिरा, सोटमूळ, चार किंवा पाचच्या पटीत भाग असतील तर द्विबीजपत्री. पण एकाच खुणेवर निकाल देऊ नका. अळूच्या पानात शिरांचं जाळं असतं, तरी ते एकबीजपत्री. उलट सीताफळाचं फूल उघडा: जाड पाकळ्या तीन, पान मात्र जाळीदार आणि बीत दोन दलं.

सीताफळ चुकलेलं नाही, आपले दोन कप्पे चुकलेले आहेत. एकबीजपत्री हा एकाच पूर्वजाचा खरा वंश आहे. ‘द्विबीजपत्री’ म्हणजे मात्र उरलेल्यांची मोट. त्यातला मोठा भाग, ज्याच्या परागकणाला तीन खाचा असतात, तो एक खरा वंश. सोनचाफा, सीताफळ, दालचिनी, मिरी यांची फांदी त्याच्या बाहेरची. कुमुद आणखी आधी फुटलेलं. सगळ्यात आधी वेगळं झालेलं म्हणजे ॲम्बोरेला, न्यू कॅलेडोनिया बेटावरचं एक साधंसं झुडूप. तेव्हा वहीत तीन कप्पे करा: एकबीजपत्री, त्रिखाची परागाचे, आणि जुन्या फांद्यांवरचे.

पायरी सातवी: कुलापर्यंत

इथे वाचून भागत नाही, कापावं लागतं. एकेरी जास्वंद घ्या. दुहेरी नको, तिच्यात बरेच पुंकेसर पाकळ्या होऊन बसलेले असतात. देठापासून वर या. आधी अरुंद हिरव्या पात्यांचं एक वलय, त्याच्या आत पाच दातांचा निदलपुंज, म्हणजे फुलाची हिरवी वाटी. म्हणजे बाहेरून दोन हिरवी वलयं, ही पहिली खूण. कळी आडवी कापली तर पाकळ्या एकीवर एक पिळून बसलेल्या दिसतात. पाकळ्या काढल्या की मधली लांब नळी उरते. तिच्यावर पुंकेसर बाटली धुण्याच्या ब्रशच्या केसांसारखे उगवलेले. ब्लेडनं नळी उभी चिरा, फक्त वरचा थर. आतून कुक्षीवृंत (फुलाच्या मादी भागाची दांडी) धाग्यासारखा मोकळा निघतो, आणि त्याच्या टोकाला मखमली पाच गोळे. ही नळी म्हणजे जुळलेल्या पुंकेसरांचे दांडेच. परागकण भिंगाखाली काटेरी दिसतो. पाकळी चुरडली तर बुळबुळीत रस लागतो. भेंडी आणि कापूस यांची फुलं कापा, हीच रचना. तिघांचं कुल एकच.

बाकीच्या काही कुलांच्या चटकन ओळखायच्या खुणा: दांडी बोटांत फिरवा, तीन कडा लागल्या तर बहुधा लव्हाळ्याचं कुल, गोल आणि पोकळ लागली तर गवताचं. चौकोनी दांडी, समोरासमोर पानं आणि दोन ओठांचं फूल असेल तर तुळशीचं. सूर्यफूल हे एक फूल समजून पुंकेसर मोजत बसू नका. ती शेकडो फुलांची वसाहत आहे, आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र फूल.

पायरी आठवी: नाव, आणि ते का बदलतं

क्रम असा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वर्तमानपत्रं ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात. वहीत ती चूक करू नका. दोन शब्दी नावांची पद्धत स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून धरतात: पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. नावं त्याची टिकली, वर्गीकरण नाही. तो पुंकेसर मोजून वर्ग पाडत असे, त्यामुळे डाळिंब आणि निवडुंग शेजारी येऊन बसले.

तुळशीला त्यानं १७५३ साली ऑसिमम टेन्युइफ्लोरम म्हटलं आणि १७६७ साली पुन्हा ऑसिमम सँक्टम. नियमाप्रमाणे आधीचं नाव खरं, म्हणून आज पहिलं चालतं. याला कागदपत्रांची दुरुस्ती म्हणा. दुसऱ्या प्रकारचा बदल नात्याचा असतो. डीएनएवर आधारलेली एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या शास्त्रज्ञांच्या गटाची) ही सपुष्प वनस्पतींची मांडणी १९९८ साली आली, तिच्या २०१६ सालच्या आवृत्तीत ६४ गण आणि ४१६ कुलं आहेत. तिच्यात रुई कण्हेरीच्या कुलात गेली, साग तुळशीच्या आणि सावर जास्वंदीच्या. कमळाची गोष्ट तर अफलातून आहे. पिढ्यान्‌पिढ्या ते कुमुदाशेजारी ठेवलं होतं. आता त्याचा जवळचा नातेवाईक चिनार वृक्ष. परागाच्या तीन खाचा खरं तर आधीपासून ते सांगत होत्या.

जुन्या पुस्तकात वेगळं कुल दिसलं म्हणून पुस्तक फेकू नका. वर्णनं पक्की असतात, फक्त पत्ता बदललेला असतो.

आता तो पिवळा नमुना. झुडपावर पसरलेले पिवळट धागे, मूळ जमिनीत नाही, पान नाही, हिरवेपणा नावापुरता. लोक अमरवेल म्हणून मोकळे होतात. पायऱ्या चढत जा. पान नाही म्हणून अडायचं कारण नाही, फुलं येईपर्यंत थांबा. जोडलेल्या पाच पाकळ्यांचं घंटेसारखं फूल आणि दोन-चार बियांची सुकी बोंडी मिळाली, तर ती कस्कुटा, गारवेलीच्या कुलातली. तिच्या गर्भाला एकही बीजपत्र नसतं, तरी ती द्विबीजपत्रींच्या मोठ्या वंशातलीच. पण तीन-तीनच्या दोन वलयांचं फूल, खिडकीच्या झडपेसारखा उघडणारा परागकोश आणि एका बीचं गोल मांसल फळ निघालं, तर ती कॅसिथा, दालचिनीच्या कुलातली. नमुना वाळवताना फूल आणि फळ दोन्ही असलेला धागाच घ्या, नुसत्या धाग्यावरून या दोघी वेगळ्या करणं अवघड जातं.